गवत पेरणारी बाई

मी आयुष्यात एकदाच पेरणी केली, आणि तीही गवताची. जंगलात.

हे वाक्य मी कुणापुढेही बोलले की ऐकणारा समजुतीच्या सुरात विचारतो, "म्हणजे गवत काढलं, असंच ना?" नाही हो! पेरलं! चारी बाजूंनी साग, बांबू आणि माणूस बुडेल एवढं गवत माजलेलं. त्याच्या मधोमध बसून मी गवताचं बी पेरलं, त्याला पाणी घातलं, त्याची राखण केली आणि एकदा तर त्याच्यासाठी रडलेसुद्धा. आता बोला!

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. गडचिरोलीचा जिल्हा व्हायला अजून फार अवकाश होता. आमचे हे जंगल खात्यात रेंजर, आणि लग्न होऊन मी आले ती थेट अहेरीच्या रेंजर क्वार्टरमध्ये. क्वार्टर मुरमाच्या टेकाडावर होतं. एवढ्या अफाट जंगलातून सरकारने नेमकी अशी जागा हुडकून काढली होती जिथे काहीही उगवत नाही, आणि तिथे जंगल खात्याच्या माणसाला राहायला घर बांधून दिलं होतं!

मला आईवडील नव्हते. नागपूरला काका-काकूंनी वाढवलं. त्यांच्या बंगल्यापुढे हिरवळ होती, आणि त्या हिरवळीवर काकांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. (पोटचं पोर नव्हतं, म्हणून ती माया माझ्यात आणि हिरवळीत विभागली गेली. मोठा वाटा कुणाकडे गेला हे मी विचारलं नाही.) लग्नात काकू हमसून हमसून रडली. "वाघाच्या तोंडी देतोय हो पोरीला!" हे वाक्य तिने नवऱ्या मुलाच्या, म्हणजे वाघाच्या, समोरच म्हटलं. पुढे पावसाळ्याच्या तोंडावर तिचा निरोप आला, "दिवाळी झाली की आम्ही दोघं येतो. पोरगी कशी राहते ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला झोप लागणार नाही."

मी अंगणात जाऊन उभी राहिले. तांबडा मुरूम, मधे एक दगड, त्या दगडावर एक सरडा. काकूने हे बघितलं असतं तर ती मला त्याच बसने परत घेऊन गेली असती. माझा तिथल्या तिथे निश्चय झाला.

घरात आमच्या सासूबाई होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मूल गावाकडच्या धानवाल्या घरातल्या, बोलायला फटकळ. त्या सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

"आत्याबाई, समोरच्या अंगणात मी हिरवळ करणार."

"काय करनार?"

"हिरवळ. म्हणजे गवत. मऊ, बारीक. त्याच्यावर खुर्च्या टाकून चहा प्यायचा."

सूप थांबलं. "आनि ते गवत खाईन कोन?"

"कुणीच नाही."

"विकाचं हाय?"

"छे!"

"मंग पेरून कायले राह्यली?"

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अवं सूनबाई, लोक गवत उपटाले बाया लावते! माह्या बापाचा जलम बांधीतलं गवत उपटून उपटून गेला. त्याच्या पोरीच्या घरी गवत पेरून राह्यले, हे त्याले समजलं तं सरगातून खाली येईन बुढा!"

बांधी म्हणजे धानाचं शेत. त्यांच्या मते जगात जमिनीचे दोनच प्रकार होते, बांधी आणि वाया गेलेली. अंगणातल्या वाया गेलेल्या जमिनीत निदान वांगी लावावीत असं त्यांच्या मनात होतं. शेवटी आमचा करार झाला. "पाव्हने येतपर्यंत गवत दिसलं तं अंगन तुह्यं. नाई दिसलं तं माह्ये वांगे."

"तुम्हाला काय वाटतं?" मी ह्यांना विचारलं.

हे बूट पुसत होते. पुसून झालेला बूट पुन्हा पुसत म्हणाले, "माझा अभ्यास सागाचा आहे. गवतात मी पडत नाही." आणि दौऱ्यावर निघून गेले. वणवा लागला की सगळ्यांच्या पुढे धावणारा हा माणूस घरात साधी ठिणगी पडली तरी दौऱ्यावर जायचा.

पण दौऱ्यावरून त्यांनी एक चांगलं काम केलं. नागपूरहून येणाऱ्या कुणा ओळखीच्या गृहस्थाकडून बियाण्याचा डबा मागवून घेतला. डब्यावर एक मडम, तिचा कुत्रा आणि हिरवंगार मैदान. खाली गवताचं इंग्रजी नाव, ते एवढं लांब की वाचता वाचता गवत उगवून यावं! आत जिऱ्यासारखं बारीक बी. दोन दिवस तो डबा स्वयंपाकघरात फडताळावर होता. त्या दोन दिवसांच्या वरणाबद्दल मी काही बोलणार नाही.

खणायचं काम लालसूभाऊंनी अंगावर घेतलं. लालसूभाऊ म्हणजे आमचे नाकेदार, जंगल खात्याचे रखवालदार. उत्साह एवढा की सांगितलेल्या कामाच्या पुढचं कामही करून मोकळे होत, मग ते कुणाला नको असलं तरी. त्यांनी कुदळ उचलली आणि घातली. ठण्ण! ठिणगी उडाली. पुन्हा घातली. पुन्हा ठण्ण!

"बाईसाहेब," ते घाम पुसत म्हणाले, "हे जागा तं सडकीसाठी एकदम मस्त हाय. बस चालंन इथून!"

गावभर बातमी पसरलीच होती. आठवड्याच्या बाजारात मी गेले की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. "थे पाह्य, थे! गवत पेरनारी बाई!" अहेरीच्या बाजारात तीन भाषा चालतात. मला तिन्ही भाषांतून हसलं गेलं. मराठीतलं मला समजायचं, तेलुगू आणि गोंडीतलं हातवाऱ्यांवरून समजायचं.

मुरमात बी उगवणार नाही हे तर दिसतच होतं. मग मी ठरवलं, जमीन वाईट असेल तर जमीनच नवी आणायची! गावाबाहेरच्या बोडीतला, म्हणजे लहान तळ्यातला, गाळ बैलगाड्यांतून आणवला. काळाभोर, लोण्यासारखा. अंगणभर तो पसरल्यावर मला वाटलं, झाली हिरवळ. वास मात्र असा सुटला की ह्यांना भेटायला येणारे लोक आपलं काम रस्त्यावरूनच ओरडून सांगू लागले.

पाऊस लागला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी देवघरातून किंकाळी आली. मी धावले. बाळकृष्णाच्या शेजारी एक जाडजूड खेकडा बसला होता आणि लोणी-साखरेच्या वाटीवर पहिला हक्क कुणाचा याबद्दल त्याच्या मनात काहीही शंका दिसत नव्हती.

"सूनबाई! तुह्यं गवत चालत आलं पाह्य!"

गाळाबरोबर खेकडे आले होते! एक पाटावर, एक ह्यांच्या बुटात, एक पिठाच्या डब्यामागे. मी केरसुणी घेऊन मागे आणि ते आडवे पुढे. खेकड्याच्या मागे धावताना कोणत्या दिशेला धावायचं हे कळत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. लालसूभाऊंना मी म्हटलं, "भाऊ, एवढे खेकडे काढून टाका हो." बस्स! ते गेले ते गावात सांगूनच आले. तासाभरात टोपल्या घेऊन माणसं दारात.

"बाईसाहेब, इथी खेकडे भेटून राह्यले म्हनते?"

खेकडे भेटले. पण त्यासाठी माझ्या सपाट केलेल्या गाळात हात, काठ्या, खुरपी जिथे जमेल तिथे घुसली. दुपारपर्यंत अंगण असं दिसायला लागलं की जणू रानडुकरांची सभा भरून पांगली होती. संध्याकाळी कुणीतरी कृतज्ञतेने वाटीभर रस्सा आणून दिला. हे दौऱ्यावरून आले, रस्सा प्यायले आणि म्हणाले, "हिरवळ चांगली झालीय."

पुन्हा सपाटी केली. मग एका चांगल्या दिवशी राखेत मिसळून बी पेरलं. हात जोडले आणि आत जाऊन चहा घेऊन बाहेर आले तर काय! बी चाललं होतं. अक्षरशः चाललं होतं! तांबड्या मुंग्यांची एक लांब रांग, प्रत्येकीच्या तोंडात एक एक दाणा, शिस्तीत कुंपणाबाहेर. मुंग्यांना हळद टाकून थोपवलं तोवर वरून चिमण्या आणि मुनिया उतरल्या. डबा अर्धा उरला होता. तो मी पुन्हा पेरला आणि या वेळी बुजगावणं उभं केलं.

आता बुजगावण्याला कपडे हवेत. ह्यांची जुनी खाकी वर्दी होती, जुनी हॅट होती. बांबूच्या सांगाड्याला ती चढवली, आत पेंढा भरला. लांबून बघितलं तर हुबेहूब हे! थोडे जास्तच रुबाबदार.

पाखरं घाबरली की नाही ठाऊक नाही, माणसं मात्र घाबरली. रस्त्याने जाणारे लोक थांबून रामराम घालू लागले. एक ठेकेदार सायकलवरून उतरला, वाकून सलाम केला आणि सायकल हातात धरून कोपऱ्यापर्यंत पायी गेला. एक दिवस तर लांबच्या पाड्यावरचे एक म्हातारबाबा सकाळपासून कुंपणाबाहेर हात जोडून बसले होते. घर शाकारायला बांबू हवे होते. मी मागच्या अंगणात होते, मला पत्ताच नाही. दुपार टळल्यावर ह्यांची जीप आली, हे उतरले, आणि म्हातारबाबा ताडकन उठले. एकदा इकडे बघतात, एकदा तिकडे.

"काय काम आहे बाबा?" ह्यांनी विचारलं.

"काम तं त्या सायबाले सांगून ठेवलं," बाबा म्हणाले.

"कोणत्या साहेबाला?"

"थो हुबा हाय थो."

ह्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "रेंजर मी आहे. बांबूचं जरा अवघड आहे, पण बघतो."

म्हातारबाबांनी मान हलवली. "थो सायब बरा होता. सकायपासून त्यानं अवघड हाय म्हनलं नाई."

बांबू त्यांना मिळाले. ह्यांचा चेहरा मात्र दोन दिवस उतरलेला होता, आणि मी बोलले की उत्तर देताना हे मधूनमधून बुजगावण्याकडे बघायचे.

आणि मग एका सकाळी अंगणावर हिरवी झाक आली! मी डोळे चोळले. खरंच हिरवी! नाजूक, गोलसर पानं. मी आनंदाने वेडी झाले. डॉक्टरीणबाई, मास्तरीणबाई, पोस्टमास्तरांच्या घरच्या, सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. बायका आल्या, कुंपणाशी रांगेत उभ्या राहिल्या. मी मडमेसारखा हात फिरवून म्हटलं, "ही आमची हिरवळ."

सासूबाई वाकल्या. एक पान खुडलं, चुरगाळलं, हुंगलं.

"अवं माय, हा तं तरोटा!"

तरोटा म्हणजे पावसाळ्यात उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला, कुठेही उगवणारी रानभाजी. गाळातून फुकट आलेली. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी पदराचा ओटा केला होता. बघता बघता सगळ्या बायका वाकल्या. माझी हिरवळ चुलीवर गेली, लसणाच्या फोडणीत तडतडली आणि भाकरीबरोबर पाहुण्यांच्या पानात पडली. "काय चवीची हाय हो तुमची हिरवय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आमच्या दारीबी लावून द्या."

बायका गेल्यावर मी पायरीवर बसून रडले. गवतासाठी रडणं हे सांगायलाही लाज वाटते. पण मला गवत दिसत नव्हतं हो, मला काकू दिसत होती. बसमधून उतरून, मुरमाकडे बघून, डोळ्याला पदर लावणारी.

सासूबाई बाहेर आल्या. मला वाटलं, आता वांग्यांचं काढणार. त्या शेजारी बसल्या.

"काऊन रडून राह्यली?"

मी सांगितलं. काकूचं, वाघाच्या तोंडाचं, सगळं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "उठ. तरोटा खुडला तिथी खाली पाह्य."

मी गुडघे टेकून पाहिलं. तरोट्याच्या बुंध्याशी, काळ्या गाळातून, केसासारख्या बारीक हिरव्या काड्या वर आल्या होत्या.

"हे काय आहे?"

"मले नाई मालूम. साठ वरसं गवत उपटून राह्यली मी, पन असं गवत जलमात नाई पाह्यलं. म्हंजे तुह्यंच असंन."

त्या दिवसापासून सासूबाई माझ्या बाजूला आल्या. तेही कसं, तर खुरपं घेऊन! निंदण हा त्यांचा हातखंडा. रोज सकाळी पदर खोचून बसायच्या आणि लांब नावाचं गवत सोडून बाकी सगळं उपटायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याची मात्र पंचाईत व्हायची.

"काय निंदून राह्यल्या, बाई?"

"गवत."

"आनि ठेवून काय राह्यल्या?"

"गवत!"

विचारणारा थोडा वेळ उभा राहायचा आणि मग आपलंच काहीतरी चुकलं असेल अशा चेहऱ्याने निघून जायचा.

दसऱ्यापर्यंत हिरवळ गच्च झाली. मोकाट गुरांसाठी भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. घरच्यांनासुद्धा तिच्यावर पाय ठेवायची बंदी! हे मागच्या दाराने ये-जा करू लागले. ह्यांना भेटायला येणारे ठेकेदार, नाकेदार, चौकीदार, सगळे न्हाणीघराला वळसा घालून, सासूबाईंच्या चुलीसमोरून, खाली मान घालून पुढच्या खोलीत यायचे. सासूबाई प्रत्येकाला "पाय पुसा" म्हणायच्या आणि जाताना त्याच्या घरची खबर विचारायच्या. रेंजमधली लफडी ह्यांच्या आधी त्यांना कळू लागली.

दिवाळी झाली. काका-काकू आले ते नेमके बाजाराच्या दिवशी. काका म्हणजे भरदार माणूस. झुपकेदार मिशा, कोट, हातात काठी. काकू बसच्या धुळीने आणि काळजीने पांढरी झालेली. फाटकातून आत आली आणि थबकली.

"अगंबाई!" ती म्हणाली. "हे तू केलंस?"

काकांनी काठीचं टोक हिरवळीवर टेकवून दाबलं. मी श्वास रोखला. सासूबाईंनीही रोखलेला मला ऐकू आला.

"हं," काका म्हणाले. "नॉट बॅड."

काकांच्या तोंडून 'नॉट बॅड' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून आरती! मी उडत आत गेले. वेताच्या खुर्च्या, टेबल, त्यावर पांढरी चादर. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो चहा शेवटी हिरवळीवर आला. काकांनी सगळ्यात मोठी खुर्ची घेतली, कप उचलला आणि ह्यांना हिरवळीचं शास्त्र सांगू लागले.

"हिरवळीचं मर्म वर नसतं बरं का, जावईबापू. ते खाली असतं. पाया भक्कम पाहिजे."

मला वाटलं काका थोडे मागे रेलले. नीट बघितलं तर काका नाही, खुर्ची मागे रेलली होती.

घोटाळा असा होता. वर गवत गच्च होतं, पण खाली तोच बोडीचा गाळ, रोज पाणी पिऊन पिऊन मऊ झालेला. आणि एवढी पाण्याची सोय दुसरीकडे कुठे मिळणार म्हणून काही खेकड्यांनी तिथेच कायमचं घर केलं होतं. खुर्चीचे मागचे दोन पाय त्यांच्या घरात चालले होते.

"पाया जर भुसभुशीत असेल," काका म्हणाले, आणि आणखी मागे गेले.

सांगणार कोण? जावई वडीलधाऱ्याला "तुम्ही बुडताय" कसं म्हणणार! हे नम्रपणे मान तिरकी करून ऐकत राहिले. काकांची मान मागे, पाय पुढे, कप मात्र अगदी सरळ. त्यांचे बूट टेबलाच्या वर आले तेव्हा त्यांनाही शंका आली.

"अरे, हे..." एवढंच ते म्हणाले. खुर्ची मागे कलंडली. काका हिरवळीवर उताणे, चहा कोटावर, आणि आधारासाठी खाली टेकलेला हात नेमका बिळात!

घरमालकाने बोट धरलं.

अशी आरोळी मी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. काका उठले आणि हाताला लोंबणाऱ्या खेकड्यासकट सुटले ते थेट काट्यांच्या कुंपणात. फाटकाशी लालसूभाऊ उभे होते. त्यांना खेकडा दिसला नाही. दिसलं एवढंच, की साहेबांचे पाहुणे जीव घेऊन पळतायत. जंगलात माणूस असा एकाच कारणासाठी पळतो! लालसूभाऊंनी शिट्टी फुंकली आणि ओरडले, "वाघ! वाघ आला! धावा हो!"

सांगितलं ना, बाजाराचा दिवस होता. काठ्या, कुऱ्हाडी, डबे, एक ढोल, आणि एका बाईच्या हातात तर विकायला आणलेला सुरण, असा सगळा बाजार वाघावर चालून आला. काट्यांचं कुंपण कुठल्या कुठे गेलं. ज्या हिरवळीवर मी नवऱ्याला पाय ठेवू दिला नव्हता तिच्यावर अर्धी अहेरी उभी राहिली.

"कुठी हाय वाघ?"

"वाघ नाही हो!" मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "खेकडा आहे!"

क्षणभर गर्दी हिरमुसली. मग मागून एक आवाज आला, "म्हंजे पुन्हा निघाले काय खेकडे?"

पुढचं सांगवत नाही. बाजाराचा दिवस असल्यामुळे टोपल्या सगळ्यांच्या हातात होत्याच. माझ्या हिरवळीचे ढेकळांसकट गठ्ठे उपटून बाजूला पडले, बिळांत हात गेले. ह्यांचा आवाज कुणी ऐकेना. (बुजगावणं मी आधीच काढून ठेवलं होतं, ही चूक झाली. त्याचं ऐकलं असतं.) अंधार पडायच्या आत अंगण पुन्हा काळंभोर झालं होतं.

मी मधोमध उभी होते. रडू की काय करू कळेना. एवढ्यात मागून फस्सकन आवाज आला. सासूबाई पायरीवर बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांनी दाबायचा फार प्रयत्न केला. "थे खुर्ची..." एवढंच म्हणाल्या आणि फुटल्या. त्यांच्याकडे बघून काकू फुटली. दोन्ही बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काका कोटातले काटे काढत म्हणाले, "मी म्हणत होतो, पाया भक्कम पाहिजे." यावर तर ह्यांनाही हसू आवरेना, आणि मग माझंही काही चाललं नाही.

निघताना काकूने मला बाजूला घेतलं. "तुझ्या सासूबाई मला म्हणाल्या, 'तुमची पोरगी येडी हाय, पन तिच्यासंगं करमते.' आता मला झोप लागेल गं." बसमध्ये चढताना ती रडली नाही. काकांनी पट्टी बांधलेलं बोट खिडकीतून हलवलं.

अंगणाचा न्याय सासूबाईंनीच केला. "पाव्हने आले तवा गवत होतं. अंगन तुह्यं."

पण गोष्ट इथे संपती तर बरं झालं असतं. उपटलेल्या गवताचे तुकडे टोपल्यांतून, पायांना लागलेल्या गाळातून घरोघरी गेले होते. आणि ते गवत होतं चिवट! पुढच्या पावसाळ्यात ते डॉक्टरांच्या तुळशीवृंदावनात उगवलं, मास्तरांच्या मिरच्यांत उगवलं, पोस्टाच्या पायऱ्यांच्या फटीतून वर आलं. मुरमातसुद्धा उगवलं! जिथे मला हवं होतं तिथे पुन्हा येईना, पण नको तिथून जाईना. बायका खुरपी घेऊन फाटकाशी येऊ लागल्या, आणि या वेळी हळदीकुंकवाला नव्हे. ह्यांची बदली झाली म्हणून मी वाचले.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी एका लग्नासाठी अहेरीला जाणं झालं. सगळं बदललेलं, ओळखीचं कुणी नाही. एका घरापुढून जाताना दिसलं, एक आजीबाई खाटेवर बसून अंगणात वाकलेल्या सुनेला ओरडत होत्या, "अवं, थे बाईसाहेब उपट आधी! वरवर खुडू नोको, दुप्पट येते मेली!"

मी थांबले. "कोण बाईसाहेब हो?"

"कोन नाई बाई, हे गवत. बाईसाहेब म्हनते याले इथी. कुठून आलं, देवाले मालूम. ना कामाचं, ना धामाचं, पन माज पाह्य केवढा! याले मुयासकटच उपटाले लागते." मग डोळ्यांवर हात धरून त्यांनी मला न्याहाळलं. "तुम्हाले कोन पाह्यजे?"

"कुणी नाही," म्हटलं, पदर सावरला आणि भराभर चालू लागले. मुळासकट उपटून घ्यायचं आता माझं वय राहिलं नव्हतं.